चार वीसची भरती

मंजुश्रीने आईबाबांना गोव्यात काय काय पाहायचं त्याची यादी एका पानात लिहून दिली होती. ती बुलढाण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. फापटपसारा तिला खपत नसे. बाबा, म्हणजे जानराव, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आपल्या बीबी गावाहून निघताना त्यांनी ते पान वेळापत्रकासारखं घडी करून खिशात ठेवलं.

मंगळवारी दुपारी दोनला ती प्रयोगशाळेत जर्नलं तपासत होती, तेव्हा त्यांचा फोन आला.

"मंजू, तुह्या त्या समुद्रातल्या खडकावर बसून राह्यलो आम्ही. तुही माय शेंगा फोडून राह्यली."

"आत्ता? खडक सकाळी दहाला लिहिला होता ना, बाबा?"

"हाव. पण तिले आधी दालचिनीचं झाड पाहाचं होतं. म्हणून सकाळी मसाल्याची बाग केली, अन् खडक दुपारी. काऊन?"

"चार वीसला भरती आहे. लिहिलंय मी."

"वाचलं ना. पण पोलिसाची का मिलिट्रीची, ते नाही लिहिलं तू. अन् आपल्याले काय करायचं तिचं? आपला चंद्रशेखर तर मागच्याच साली पोलिसात लागला."

मागून तिची आई बनाबाई हसल्या. "जा म्हना, उभे राहा रांगेत. घेतात का पाहू तुमाले!"

मंजुश्रीच्या हातातलं लाल पेन थांबलं.

"बाबा, भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढणं. चार वीसला ते सगळ्यात वर असतं. चढायला सकाळपासूनच लागलेलं असतं. मागं वळून पाहा. ज्या वाळूवरून चालत गेलात, ती दिसते का?"

फोनमध्ये नुसता वारा. मग जानरावांचा बारीक झालेला आवाज आला. "पाणी कोणं सोडलं व?"

धरणाचे दरवाजे उघडल्याशिवाय पाणी वाढलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कुणी सोडलं नाही. किती आहे?"

"मधात गुडघाभर दिसते."

"आईचा हात धरा आणि निघा. पिशवी राहू द्या. निघा, बाबा."

फोन कटला. परत लावला तर लागेना. भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने चढतं, हे ती दरवर्षी फळ्यावर वक्र काढून शिकवत असे. खडकापासून किनारा दोनशे मीटर. आईची उंची पाच फूटही नाही. हिशेब तिला नको होता, तरी डोक्यात होत राहिला.

बावीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाहेर निघालो," जानराव म्हणाले. दम लागला होता. "छातीलोक आलतं. एका कोळ्यानं तुह्या मायले खांद्यावर घेतलं. हा त्याचाच फोन आहे." मग ते म्हणाले, "शाळेत भरती-ओहोटी जोडीनं होती. एकटी भरती ओळखूच नाही आली मले."

मग बनाबाई बोलल्या. दात वाजत होते. "रडू नको व. तू तं बरोबरच लिहिलं होतं. आमालेच नाही समजलं."

मंजुश्रीने डोळे पुसले.

"तुहं पान भिजलं, मंजू," बनाबाई म्हणाल्या. "उद्याचं कसं आहे, ते आता तोंडानंच सांग."

उद्याचं तिला पाठ होतं. मिनिटांसकट. पहिला शब्द कोणता वापरावा, तेच तिला कळेना.