कालचा नंबर

मानवी संस्कृतीचा आरंभ विस्तवापासून झाला नाही, चाकापासून तर नाहीच नाही. तो झाला कडीपासून. हा सिद्धांत हौसरावांनी दौंडातल्या आपल्या सोसायटीच्या सुरक्षा बैठकीत मांडला, टाळ्या घेतल्या, आणि बाहेर येऊन पाहतात तर त्यांच्या नव्या चपला गेलेल्या. त्या दिवसापासून सिद्धांत आणखीच कडक झाला आणि तो पाळायचं काम त्यांच्या बायकोकडे, म्हणजे साखरबाईंकडे आलं.

ते काम आज, भर दुपारी अडीच वाजता, जाळीच्या दारापलीकडे घामाघूम होऊन उभं होतं. खाकी शर्ट, वय चाळिशीचं, चेहरा अनोळखी.

"मावशी, उघडा ना! तुमचं मालक पडल्यात. मंडईच्या कोपऱ्याला टेम्पोचा धक्का बसला. डोकं फुटलंय. मी रिक्षावाला, हनुमंत. मीच दवाखान्यात नेलंय त्यांना."

साखरबाईंनी कडी आणखी घट्ट धरली.

"नंबर सांगा," त्या म्हणाल्या.

"माझा? घ्या. अठ्ठ्याण्णव, बावीस..."

"तो न्हाई. आजचा."

हनुमंत त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्याचा दोष नव्हता. हौसराव रेल्वेत गेटमन होते. एकतीस वर्षं एकच फाटक. गाडी येण्याआधी स्टेशनमास्तरांचा फोन यायचा. फाटक लावून झालं की हौसराव वहीतला पुढचा नंबर सांगायचे. तो नंबर मिळाल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही आणि एकदा सांगितलेल्या नंबरावर काट मारायची. तो नंबर मेला. निवृत्तीनंतर फाटक सुटलं, वही सुटली नाही. मागच्या गल्लीत "तुमच्या मालकांनी पाठवलंय" म्हणून दोघे जण शिरले आणि एका बाईच्या गळ्यातलं ओरबाडून गेले, त्याच रात्री साखरबाईंच्या दाराला आतून कागद चिकटला. रोजचा एक नंबर. खुद्द हौसरावसुद्धा जिन्यातून नंबर ओरडल्याशिवाय घरात येत नसत. वरच्या मजल्यावरच्या सुना तोंडाला पदर लावून हसायच्या.

साखरबाईंनी नवऱ्याला फोन लावला. बंद.

"चुरा झालाय त्येचा," हनुमंत म्हणाला.

"मग आमचा पत्ता?"

"त्यांनीच सांगितला."

"पत्ता सांगितला आन् नंबर न्हाई?"

"आवो मावशी, माणसाच्या डोक्यातनं रगत गळतंय आन् तुम्ही परीक्षा कसली घेताय? डॉक्टर पुण्याला हलवायचं म्हणतोय. सहीला घरचं माणूस पायजे."

"आंगावर शर्ट कुठला हाय त्यांच्या?"

"पांढरा."

हौसरावांच्या वयाचा दौंडातला एकूण एक माणूस पांढराच शर्ट घालत होता. साखरबाईंनी समोरच्या दाराकडे पाहिलं. कुलूप. ती मंडळी राहू गावाला लग्नाला गेलेली. हनुमंतच्या बाहीवर लालसर डाग होता. तो रक्ताचा, की पानाच्या पिचकारीचा, हे जाळीतून कळत नव्हतं.

"दवाखान्यात फोन लावा. त्यांनाच विचारा."

हनुमंतनं कपाळावर हात मारला आणि फोन लावला. स्पीकर सुरू केला.

"सिस्टर, आत्ता आणलेल्या आजोबांना विचारा, आजचा नंबर किती?"

"कॉटचा नंबर का?"

"आवो, नुसता नंबर! इकडं मावशी दार उघडंनात."

बराच वेळ भांड्यांचा, चाकांच्या खुर्चीचा आवाज येत राहिला. मग सिस्टर म्हणाली, "डोळे मिटूनच आहेत. सत्तेचाळीस म्हणतायत."

साखरबाईंनी कागदाकडे मान वळवली. सत्तेचाळीसवर काट होती. तो कालचा. आजचा त्रेसष्ट.

नियम स्वच्छ होता. मेलेल्या नंबरावर गाडी सोडायची नाही. कालचा नंबर अख्ख्या जिन्यानं ऐकला होता. चोर तोच घेऊन येणार. आणि हौसराव? ते लेकीच्या साखरपुड्याची तारीख चुकले होते, स्वतःचं वय चुकायचे. नंबर एकतीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

आणि तेच चुकले असतील, तर डोक्याला लागलेलं साधं नव्हतं. त्रेसष्ट ऐकला असता तर त्यांनी आधी लुगडं बदललं असतं, पिशवी भरली असती. सत्तेचाळीस ऐकून त्यांनी कडी ओढली आणि तशाच अनवाणी जिना उतरल्या.

रिक्षा दोन वळणं बरोबर गेली. तिसरं चुकलं.

"ह्यो रस्ता कुठला?" त्यांनी बाजूचा दांडा घट्ट धरला आणि एक पाय बाहेर काढला.

"मंडईत गर्दी हाय मावशी, मागनं काढतो. पाय आत घ्या, न्हाईतर दोन पेशंट व्हत्याल."

त्यांनी पाय आत घेतला नाही. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा घेतला.

हौसराव खाटेवर होते. डोक्याला एवढं मोठं पांढरं गुंडाळलेलं की कुठं सत्काराला चाललेत असं वाटावं. पुण्याला न्यायची गरज नाही, सिस्टर म्हणाली. मात्र काही दिवस थोडं विसरल्यासारखं होईल. कदाचित जास्त दिवस.

साखरबाई स्टुलावर बसल्या. श्वास खाली बसला तेव्हा त्यांना आठवलं.

"आवो," त्या हळूच म्हणाल्या, "म्या दार सताड उघडं टाकून आले."

हौसरावांनी डोळे उघडले. साखरबाई मान खाली घालून थांबल्या. आता जे येईल ते सगळं त्यांना हवं होतं. चौकशी, कलम, भाषण, अगदी वरच्या आवाजात.

हौसरावांनी डोक्यावरचं गुंडाळलेलं चाचपलं.

"असू दे," ते म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नव्हता. साखरबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ऐक की," हौसराव म्हणाले. "डाव्या पायाची करंगळी लई खाजतीया. जरा खाजवतीस का?"