तिसरं कडवं

"पंखा बंद करू का? गाण्यात खरखर येतेय," यजमानीणबाईंनी विचारलं.

"राहू दे. माणसं उकडून निघाली तर टाळ्या कोण वाजवणार?" गायक म्हणाला. बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसलेली वीस-बावीस माणसं हसली.

गिटार घेऊन गावोगाव फिरायचं आणि लोकांच्या घरी स्वतःची गाणी म्हणायची, हाच त्याचा धंदा. आठ वर्षांपूर्वी बायको वारली, तेव्हापासून तो एका गावात दोन दिवसही टिकत नसे.

उन्हं कलली तसं त्याने शेवटचं गाणं घेतलं. त्याने आणि बायकोने मिळून केलेलं, दोनच कडव्यांचं. तिसरं ती लिहिणार होती. ते राहूनच गेलं.

गाणं संपलं. टाळ्याही थांबल्या. खिडकीपाशी बसलेल्या एका वयस्कर बाईंचे ओठ मात्र हलतच होते.

चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. "मी नर्स होते. तुमच्या मिसेस आमच्याच वॉर्डात होत्या, शेवटचे नऊ दिवस. हेच गाणं म्हणायच्या. तुम्ही शेवट का गाळलात?"

त्याने तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. "शेवट नाहीये याला."

"अहो, आहे की!"

"मी तेव्हा दौऱ्यावर होतो," तो म्हणाला. तसं कुणी विचारलं नव्हतं.

"माहितीये. आमचे हे आज अमक्या गावी असतील, असं रोज सांगायच्या. कधी कुरकुर नाही."

त्याने कप बाजूला ठेवला. "म्हणून दाखवाल?"

"माझा आवाज म्हणजे काय सांगू!" असं म्हणत त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि बेसूर, हळू आवाजात सुरुवात केली:

"कडी नको लावूस, दार नुसतं लोट,
मी येईन तेव्हा हाक नाही मारणार..."

त्या थांबल्या.

"पुढे?"

"पुढे दोन ओळी होत्या. पण मी त्यांची नाडी मोजत असायचे हो. आकडा चुकू नये म्हणून तेवढं ऐकायचंच सोडून द्यायचे." त्यांचे डोळे भरून आले. "माफ करा मला."

त्याने त्यांचा हात हातात घेतला.

दोन दिवसांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या कुणाच्या बैठकीत, तो तिसरं कडवं गायला. दोन ओळी झाल्या आणि त्याने तोंड मिटलं. गिटार वाजत राहिली.

"विसरायला होतं असं कधीकधी," पुढ्यात बसलेले आजोबा समजुतीने म्हणाले.

त्याने मान डोलावली, आणि उरलेल्या दोन ओळींची चाल शेवटपर्यंत वाजवली.