खुर्च्या देणारा दुकानदार

तेव्हा आम्ही वाचनालयात दर महिन्याला व्हायोलिन-चेलोच्या फुकट मैफली भरवायचो. खुर्च्या द्यायचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा दुकानदार. तो बाजूला भिंतीशी उभा राहायचा आणि वादकांना सोडून आम्हा पिकल्या केसांच्या श्रोत्यांकडेच बघायचा.

"गिऱ्हाईक हेरतोय मेला," जाऊबाई कुजबुजल्या.

मलाही तोच संशय होता. पण तो रुसला असता तर लोकांना बसवायचं कुठे? शेवटी मी हसत विचारलंच, "आमच्याकडे काय हो बघता एवढं?"

तो ओशाळला. "काकू, एरवी या खुर्च्यांवर रडणारीच माणसं बसतात."

"गोड बोलतोय," जाऊबाई म्हणाल्या.

पुढच्या मैफलीला मी त्याला मानाने पहिल्या रांगेत बसवलं, आमच्याकडे पाठ करून.