कोरड्या कड्याचा पाहुणचार

‘हा धबधबा बारमाही असून नैसर्गिक झऱ्यांवर वाहतो. पात्रात उतरणे सर्वथा सुरक्षित आहे.’

हिमायतनगरच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला, पायवाट समितीने रोवलेल्या निळ्या फलकावरचा हा मजकूर. औसा किल्ल्यापासून थेट पैनगंगेपर्यंत जाणाऱ्या नव्या पदभ्रमण मार्गावरचे अपरिचित धबधबे पारखून नकाशात घालण्याचे काम लातूरच्या आमच्या भूगोल विभागाकडे आले होते. त्यामुळे हे साहित्य मला गांभीर्याने वाचावे लागले.

आता ‘बारमाही’. या भागातल्या काळ्या कातळात मुरलेले पाणी दिवाळीनंतर झऱ्यातून डोकावतदेखील नाही. आम्ही गेलो तो महिना पौषाचा होता. ‘नैसर्गिक झऱ्यांवर’ म्हणावे, तर सकाळी मळ्याकडे जाताना कड्याच्या माथ्यावर ना ओल दिसली होती, ना हिरवी शेवाळरेघ. कड्याकडे येणाऱ्या ओढ्याच्या वाळूत शेळ्या बसल्या होत्या. उरला ‘सर्वथा सुरक्षित’ हा शब्दप्रयोग. तो तपासण्याचे काम माझी विद्यार्थिनी लुंबिनी हिच्या वाट्याला आले.

तो मळा समितीचे अध्यक्ष शेषेराव यांचा. तिथे त्यांनी आम्हाला चहाला थांबवले. लुंबिनीला बसवेना. ती मोजपट्टी घेऊन उठली.

“चहा तुम्ही घ्या, मॅडम. धबधबा पळून जायच्या आत मी बघून येते.”

शेषेराव मनापासून हसले. “पळत न्हाई ओ ताई तो. आमचा धबधबा पाव्हण्याला कोरडं पाठवत न्हाई!”

ती गेल्यावर ते फोन घेऊन गोठ्यामागे गेले. परतले ते प्रसन्न मुद्रेने, दुसऱ्या चहाचा आग्रह करीत. मी तो घेतला. आतिथ्य नाकारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात.

कड्याजवळ पोचलो तेव्हा ओढ्यात शेळ्या नव्हत्या, पाणी होते. गढूळ, जाड, एकसलग पाणी कड्यावरून खाली कोसळत होते, आणि खालच्या डोहातल्या एका खडकावर, गुडघाभर पाण्यात, लुंबिनी उभी होती. डोहातून वर येणारी एकमेव वाट पात्रातूनच होती. ती वाट आता पाण्याखाली गेली होती. लुंबिनीचे तोंड हलताना दिसत होते, पण शब्द ऐकू येत नव्हता. दोर आमच्याकडे होता. तो तिच्या पाठीवरच्या पिशवीत होता.

“वर कुठं तरी पाऊस पडून राहिला असंल,” शेषेराव म्हणाले.

मी वर पाहिले. आभाळ घासलेल्या ताटासारखे स्वच्छ होते.

“निसर्ग हाय, मॅडम. निसर्गाफुडं आपलं काय चालतं?”

पाणी तिच्या मांड्यांना लागले. तिने मोजपट्टी दातात धरली आणि दोन्ही हातांनी कातळाची एक कपार पकडली.

“पावसाचे पाणी पालापाचोळा घेऊन येते, शेषेराव. यात एक पान नाही. याला कुजलेल्या गाळाचा वास आहे.” तेवढ्यात एक मासा प्रवाहातून उसळून आला आणि आमच्या पायांपाशी, काठाच्या खडकावर तडफडू लागला. “आणि हा कटला आहे. याचे बी तलावात सोडावे लागते. पौषातल्या कोरड्या ओढ्यात तो उपजत नाही. वर तुमचा तलाव आहे ना? त्याचे गेट कोणी उघडले?”

“मासा काय, कुठूनबी येतो की.” त्यांनी माझी नजर चुकवली. “गेट सरकारी हाय. इनाकारण कोणी हात लावत न्हाई. आन् मॅडम, तुम्ही हे नकाशात लिहू नका बरं का. लई लोक मेहनत करून राहिले ह्या रस्त्यावर.”

लुंबिनीचा एक पाय निसटला. ती छातीपर्यंत पाण्यात गेली, दिसेनाशी झाली, आणि मग कपारीला धरलेला एक हात दिसला. त्यामागून डोके वर आले.

माझ्यापाशी त्या क्षणी निर्विवाद पुरावा होता आणि तो संपूर्ण निरुपयोगी होता. पुरावा मान्य करायला माणसाला वेळ लागतो. पाणी तितका वेळ द्यायला तयार नव्हते. मी आयुष्यात प्रथमच एक वाद जिंकत असताना सोडून दिला.

“बरोबर आहे तुमचे. पाऊसच असेल,” मी म्हणाले. “तुम्ही फक्त एक फोन करा.”

“कोणाला?”

“ज्याला केल्यावर पाऊस थांबेल, त्याला.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खाली, त्या हाताकडे. “रेंज बघतो,” ते पुटपुटले. “गावातून पोरं बोलावतो, दोर घेऊन.” आणि धापा टाकत मागच्या उंच खडकावर चढले. एका कानात बोट घालून ते फोनमध्ये ओरडू लागले. धबधब्याच्या आवाजात मला त्यातले अक्षरही कळले नाही.

मी काठावर पालथी पडून त्या हाताकडे पाहत राहिले. बोटे पांढरी पडली होती. त्यातले एक सुटले. मी तिचे नाव घेत होते, तिला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही.

गावातून कोणी आले नाही. पाणी मात्र पातळ होत गेले. कड्यावरचा पडदा फाटला, त्याच्या दोऱ्या झाल्या, दोऱ्यांचे थेंब झाले. लुंबिनी पात्रातल्या धोंड्यांवरून रांगत वर आली. मी माझी शाल तिच्याभोवती आवळली. तिचे दात वाजत होते.

“वरचा बोर्ड वाचला होता, मॅडम,” ती म्हणाली. “म्हणून उतरले.”

दरी आता पूर्ण शांत झाली होती. शेषेराव आमच्याकडे पाठ करून अजून त्या खडकावरच उभे होते, कानात बोट तसेच. आणि मघाच्या गर्जनेला पुरून उरेल अशा स्वरात अजून ओरडत होते. त्यांचे शब्द मी येथे जसेच्या तसे देते:

“पंढरी, गेट पुरतं झाकलं का? हाव, मीच म्हणलो होतो सोड म्हणून, पाव्हण्याला कोरडा कडा कसा दाखवावा! पण पोरगी खाली उतरंल हे मला काय ठावं? आपण बोर्डावर लिहिलं म्हणून कोणी खरंच उतरतं का, लेका?”