झाकणाचा फोटो

दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि घरी आल्यावर फोनवरचं दुसरं दुकान उघडायचं, असा ताईचा दिनक्रम होता. साप पकडून रानात नेऊन सोडणाऱ्यांचा फोनवर एक गट होता आणि ताई त्याची कारभारीण. ती स्वतःही कित्येक वर्षं साप पकडत होती. लांब आकड्याने साप उचलायचा, पेटीत सोडायचा, आकड्यानेच झाकण लोटायचं आणि मग दोन्ही कड्या लावायच्या. हाताचा आणि सापाचा संबंधच येत नसे. त्यामुळे तिच्या व्हिडिओत बघण्यासारखं काही घडत नसे, आणि याचा तिला फार अभिमान होता.

तिचा धाकटा भाऊ बाळ्या अगदी उलटा. नाव बाळ्या, पण दारातून वाकून आत येणारा गडी, व्यायामशाळेत लोकांकडून वजनं उचलून घेणारा. तोही साप पकडायचा, पण नुसत्या हाताने. नाग धरायचा, गालाजवळ न्यायचा आणि बत्तिशी दाखवत फोटो टाकायचा. खाली लोक ‘वाघ, वाघ’ लिहून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे. ताईने गटावरचे त्याचे असले फोटो एकामागून एक काढून टाकले, तेव्हा स्वारी रुसली. त्याने स्वतःचं वेगळं पान उघडलं आणि बहिणीशी अबोला धरला. गटावर मात्र तो रोज चोरून डोकावत असे, हे ताईला ठाऊक होतं.

अबोल्याचं तिला काही नव्हतं. एक दिवस फोन वाजेल आणि तो बाळ्याचा नसेल, बाळ्याबद्दलचा असेल, या धास्तीने तिची झोप उडाली होती. ओरडून झालं, समजावून झालं, आईला मध्ये घालूनही झालं. वाढदिवसाला तिने त्याला चांगला लांब आकडा दिला, तो त्याने वेष्टनासकट गाडीत टाकून दिला.

मग दुकानात तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही फ्रेम घ्या, शोभेल, असं गिऱ्हाइकाला शंभरदा सांगा, ते नाक मुरडतं. तीच फ्रेम शेजारच्या माणसाच्या नाकावर दिसली की लगेच म्हणतं, तशी एक मलाही दाखवा. ताईने त्या रात्रीपासून उपदेशाला सुट्टी दिली आणि नवीच टूम काढली. साप पकडला की फोटो टाकायचा तो सापाचा नव्हे, बंद पेटीचा. दोन्ही कड्या लावलेल्या, आणि शेजारी पकडणारा निवांत चहा पीत बसलेला.

आधी लोकांनी टर उडवली. साप दाखवताय की जेवणाचा डबा, असं एकाने विचारलं. पण एका गोलमटोल वायरमनने पेटीशेजारी राजासारखे पाय पसरून चहा पितानाचा फोटो टाकला आणि गट त्याच्यावर लट्टू झाला. ताईने तर त्याच्या कड्यांचं इतकं कौतुक केलं की त्यालाच लाजल्यासारखं झालं. पुढे झाकणांची नुसती रांग लागली. कोणी पेटी घासूनपुसून ठेवू लागलं, कोणी कड्यांना तेल देऊ लागलं. लोक फोटो मोठा करून आधी कड्या तपासायचे, मग बाकीचं बघायचे. वायरमनच्या फोटोला मिळालेले लाल बदाम बाळ्याच्या कुठल्याही नागापेक्षा जास्त होते, आणि ते बाळ्याला चांगलंच झोंबलं होतं.

एका दुपारी एका बेकरीच्या कोठारात, मैद्याच्या पोत्यांमागे नाग निघाला. बेकरीवाल्याने बाळ्याला बोलावलं आणि बाळ्याने बेकरीवाल्याच्याच फोनवरून आपल्या पानावर थेट प्रक्षेपण सुरू केलं. गटातलेही बरेच जण बघू लागले. ताई तेव्हा एका आजोबांच्या डोळ्यांवर काचा बदलून बघत होती. शेजारी ठेवलेल्या फोनवर तिला भाऊ दिसला, आणि खाली धावणाऱ्या ओळीही. वाघा, हाताने उचल. वाघा, घाबरलास की काय? आजोबांना तसंच बसवून ती फोन घेऊन उभी राहिली.

बाळ्या क्षणभर थबकला. मग वाकून त्याने गाडीतून पेटीबरोबर आणलेला ताईचा आकडा उचलला आणि दातांनी त्याचं वेष्टन फाडलं. पुढचं सगळं त्याने इतक्या शिस्तीत केलं की ताईला स्वतःचाच व्हिडिओ बघतेय असं वाटलं. नाग पेटीत, झाकण बंद. बेकरीवाल्याने चहा दिला. बाळ्याने पाय पसरले, वायरमनपेक्षा वीतभर जास्तच, फोटो काढून गटावर टाकला आणि आकडा काखेत मारून, पेटी छातीशी कवटाळून गाडीकडे निघाला.

पण स्तुती वाचल्याशिवाय राहवेल तर तो बाळ्या कसला. चालता चालता त्याने अंगठ्याने फोन सरकवला. पहिलीच ओळ वायरमनची होती: दुसरी कडी उघडी आहे. तिच्याखाली गटातल्या शिंपीणबाई, मास्तर, ताई, सगळ्यांची एकच ओळ: कडी, कडी, कडी.

बाळ्या जागीच थांबला. झाकणाचा कोपरा त्याच्या हनुवटीखाली बोटभर उचललेला होता. त्याने हळूहळू वाकून पेटी जमिनीवर ठेवली, दोन पावलं मागे आला, आकड्याने झाकण दाबलं आणि त्याच आकड्याच्या टोकाने कडी पाडली. मग तो तिथेच मटकन बसला.

बेकरीवाला अजून फोन रोखून उभा होता, त्यामुळे ताईला हे सगळं दिसलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती हसत होती आणि डोळेही वाहत होते. एका डोळ्यावर काच, दुसरा मोकळा अशा अवस्थेत आजोबांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? भाऊ आहे माझा, एवढंच तिला सांगता आलं. तेवढ्यात फोन वाजला. फोन बाळ्याचा होता.

“ताई, तो फोटो काढून टाकशील आता?”

“नियम आहे बाबा. उघड्या कडीचा फोटो गटावर ठेवत नाही.”

“नको काढून टाकूस. राहू दे. माझ्या पानावरही टाकतो. बघू दे सगळ्यांना.”

भावाचे इतके फोटो पुसणाऱ्या ताईने तो एक फोटो गटावर सगळ्यात वर लावला. तो अजून तिथेच आहे, उघड्या कडीसकट.