तव्यावरचे तीन ठोके

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कालथा आहे. कुणी मला उलथणं म्हणतं. म्हणू दे बापडे! अंडं न फाटता उलटलं म्हणजे झालं.

लोहाराने मला घडवलं तेव्हा माझी कड सरळ होती. आता ती एका बाजूने झिजली आहे, कारण माझी मालकीण डावखुरी. एका मोठ्या कचेरीच्या दाराशी तिची ऑम्लेटची गाडी होती. सगळे तिला मावशी म्हणत. ऑम्लेट तयार झालं की ती मला तव्याच्या काठावर आपटायची. दोन ठोके हलके, एक जोरात. टण, टण, टणण्!

शहरातल्या माणसांची एक गंमत सांगतो. गाडीवर पहिलं गिऱ्हाईक व्हायला कुणीच तयार नसतं. पोटात कावळे ओरडत असतात, तरी मोबाइल बघत लांब उभे राहतील. एक शूर माणूस पुढे झाला, की मागून सगळे. आमचा तो शूर माणूस म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावणारे, कचेरीतले एक कारकून. "मावशी, मिरची जरा बेतानं हं," हे त्यांचं रोजचंच. मला वाटायचं, स्वारी आमच्या चवीला भुलली आहे.

मग कचेरीचं दार रुंद करायचं ठरलं आणि गाडीला आवाराच्या भिंतीमागच्या गल्लीत जावं लागलं. मावशीची लेक मोठी हौशी. ती म्हणाली, "आई, जागा नवी, तर सगळंच नवं करू. लोक आता स्वच्छता बघतात." तिने न चिकटणारा गुळगुळीत तवा आणला. त्याला ओरखडे नकोत म्हणून रबराचा कालथा! मी आणि माझा जुना जोडीदार तवा गाडीखालच्या पेटीत गेलो. वर कांद्याचं पोतं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

पण बाहेरचे हाल त्याहून वाईट होते. गिऱ्हाईक फिरकेना. लेकीने कचेरीच्या दाराशी लाल अक्षरांचा फलक लावला, बाण काढला, भावही उतरवला. तरी दिवसभरात चुकून माकून दोन माणसं. मावशी उठसूट रडणारी बाई नव्हे. पण एका संध्याकाळी ती पेटीवर बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "जागाच भिकार आहे गं. गुरुवारी एक जण गाडी बघायला येतोय. देऊन टाकू." वीस वर्षांची गाडी! मी आत गंजत होतो आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी नव्या तव्याचे पोपडेच निघू लागले. "आता गं बाई!" म्हणत लेकीने आम्हाला बाहेर काढलं, खसाखसा घासलं, तेल लावलं. येणाऱ्या पाहुण्याला निदान एक ऑम्लेट खायला घालावं, म्हणून मावशीने आधी एक करून पाहिलं. आणि तिचा हात सवयीने फिरला. टण, टण, टणण्!

भिंतीपलीकडून जाड भिंगांचा चष्मा वर आला.

"अहो मावशी! इथेच आहात होय? आम्हाला वाटलं, गाव सोडून गेलात!"

"एवढा फलक लावलाय की दाराशी," लेक म्हणाली.

"फलक कोण वाचतंय, ताई? मावशींनी वाजवलं की आम्हाला कळायचं, भूक लागली आहे."

लेकीने कपाळावर हात मारला. सगळं नवं करताना तिने आमची हाकच पेटीत टाकली होती.

कारकून वळसा घालून आले. मागून त्यांच्या खात्यातले सहा जण. त्यांच्या मागून, एवढी गर्दी कसली हे बघायला आणखी कितीतरी. गाडी बघायला आलेला माणूससुद्धा रांगेच्या शेपटाला उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "गाडी विकायची आहे ना?"

"छे हो!" मावशी म्हणाली. "ऑम्लेट हवं तर सांगा. पण रांगेनं!"

त्याने दोन खाल्ली.

आता लेक रोज मला घासते, पुसते, तेलाचं बोट फिरवते. स्वच्छतेचं तिचं म्हणणं खरंच होतं. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी झिजलेली वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिला गंजू देऊ नका. आणि भंगारात घालायची वेळ आलीच, तर त्याआधी तिला एकदा वाजवून बघा.