वच्छलाबाईंची जागा

आमच्या धुळ्याच्या लोकांना एखादी गोष्ट आवडली की ते तिला नासेपर्यंत डोक्यावर घेऊन नाचतात. वच्छलाबाई देवऱ्यांच्या त्या जागेचं तेच झालं. गाण्यात जागा म्हणजे गवयाची खास नजाकत, त्याची त्याने शोधून काढलेली. बाईंची जागा तार षड्जाशी, म्हणजे वरच्या 'सा'शी होती. दुसरे गवई त्या सुराला सरळ भिडतात. बाई अलीकडे निषादावर थबकायच्या, पलीकडच्या रिषभाला बारीक आवाजात नुसतं शिवायच्या आणि तिथून घरंगळत षड्जावर उतरायच्या. लोक माना डोलवून 'वाऽ' म्हणायचे. मी शेजारी पेटीवर बसलेला असायचो आणि मला त्या 'वा'चा संताप यायचा.

कारण ती जागा नव्हतीच. तो आजार होता.

बाई मूळच्या भरदार आवाजाच्या. अमळनेर, दोंडाईचा, जळगाव, गणपतीत कुठेही त्यांचं गाणं असलं की बायका पुढे आणि बाप्ये मागे उभे राहून ऐकायचे. मग ब्याऐंशीच्या हिवाळ्यात खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने गाणं बंद, बोलणंसुद्धा बेतानं. बाई म्हणाल्या, "तोंड मिटून गाणं कसं शिकवतात ते दाखवा, मी आजपासून मिटते." धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ मुली यायच्या. प्रत्येकीच्या गळ्याचा सूर वेगळा, बाई प्रत्येकीच्या सुरात गाऊन दाखवायच्या. खोकला गेला, पण गळ्यात गाठ ठेवून गेला. वरचा षड्ज सरळ घ्यायला गेलं की आवाज फाटायचा. तेव्हापासून त्यांनी ही आडवाट धरली. मैफलीत निभावून न्यायला ती चालली असती. पण त्याच गळ्याने त्या शिकवत होत्या.

आमचं शिकवणं कसं, तर बाई म्हणणार आणि मुलीने जसंच्या तसं मागून म्हणायचं. का म्हणून विचारायचं नाही. वही नाही, पेन नाही. मी पालिकेच्या शाळेत संगीत शिकवतो, तिथे मुलं निदान खिडकीबाहेर तरी बघतात. बाईंच्या मुली बाईंच्या ओठांवरून नजर हलवत नसत. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार.

त्या सगळ्यांत प्रमिला अव्वल. दोंडाईच्याकडच्या कापूसवाल्या पुना आबांची ही मुलगी कॉलेजसाठी देवपुरात मावशीकडे राहायची. आवाज असा, की ती 'सा' लावायची आणि मी पेटीवरची बोटं उचलायचो. बाईंनी तिला रीतसर गंडा बांधला होता. ही रेडिओवर गाईल, नाशिक-पुण्याला जाईल, आपलं जे राहिलं ते हिच्या गळ्यातून होईल, एवढी एकच आशा बाईंना उरली होती. त्या हे मोकळेपणी बोलायच्याही. "मास्तर, माझं झालं. आता ही."

पंच्याऐंशी साली जळगावला रेडिओची स्वरपरीक्षा होती. आम्ही दोघं प्रमिलाबरोबर गेलो. ती गाऊन बाहेर आली आणि तिच्यामागून परीक्षकांपैकी एक वयस्क गृहस्थ आले. बाईंना ते ओळखत नव्हते. आई समजून अगदी सौम्यपणे म्हणाले, "मुलीचा गळा फार चांगला आहे हो. पण तार षड्ज चुकवते. आधी काढा ती खोड, मग सहा महिन्यांनी पुन्हा आणा."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना आपली आडवाट ठाऊक होती, पण ती मुलीच्या निरोगी गळ्यात जाऊन बसली असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.  परतीच्या एसटीत प्रमिला मात्र चिडली होती. चिडली की तिची बोली घरची व्हायची.

"बाई, ती तं आपली जागा शे ना! त्यास्ले काय समजस?"

दुसऱ्या दिवसापासून बाई हात धुऊन त्या खोडीच्या मागे लागल्या. मी पेटीवर वरचा 'सा' धरायचो. प्रमिला तो लख्ख, सरळ घ्यायची. एकटा सूर असला की काही अडचण नाही. पण तान सुरू झाली, गाणं रंगात आलं, की निषादावर थबकलीच. बाई मांडीवर हात मारायच्या. "थांबू नकोस! सरळ जा!"

"सरळ म्हणजे कसं? एकदा म्हणून दाखवा ना, बाई."

तिथेच सगळं अडायचं. बाई दाखवायला जायच्या आणि आवाज फाटायचा, नाहीतर सवयीने तीच आडवाट यायची. प्रमिला जिवाचा कान करून ऐकायची आणि जे ऐकलं तेच गायची. ज्या बाईला तो सूर डोक्यात चोवीस तास स्पष्ट ऐकू येतो, तिला तो तोंडातून काढता येऊ नये, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही. मला तिथे बसवत नसे.

शेवटी बाईंनी तिला समोर बसवून सांगून टाकलं. "ती जागा नाही गं. माझा गळा बिघडलाय. ते माझं लंगडणं आहे, आणि तू धडधाकट पायांनी लंगडतेयस."

प्रमिला गोड हसली. "मोठी माणसं असंच बोलतात, बाई."

झालं. विनय करावा तर खरा वाटतो, खरं बोलावं तर विनय वाटतो. मग बाईंनी शेवटचा उपाय केला. पुना आबांना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, हिला नाशिकला दुसऱ्या गुरूकडे पाठवा, मी पत्ता देते. आबा उभेच राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बाई, पोरनं काही चुकनं व्हई तं दोन थापड मारा. पन दुसराना दारमा धाडू नका. तुमले सोडीसन जाई अशी मनी पोर नही शे."

बाप रडायला आलेला, मुलगी आत, सोबत आलेल्या मावशीच्या गळ्यात पडून रडतेय. मी मध्ये तोंड घालून म्हणालो, बाई खरं बोलताहेत. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच बाईंचे कान भरलेत. विषय तिथेच संपला.

सहा महिन्यांनी पुन्हा जळगाव. या वेळी प्रमिला बाहेर आली ती ताठ मानेने. परीक्षक कोणी बाहेर आलंच नाही. बाईंनी विचारलं, "घेतलास सरळ?"

"त्यास्नी तुमनी जागाले नावं ठेवात, बाई. मी मुद्दाम तीन डाव म्हनी दखाडी!" आणि तिने वाकून बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाई तिला रागावू शकल्या नाहीत. कोण रागावेल? एवढी निष्ठा मला कुणी दाखवली असती तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भिंतीकडे बघत राहिल्या. रेडिओचं दार त्यानंतर उघडलं नाही. प्रमिलाचं अमळनेरला लग्न झालं. सासर बरं, त्यांनी पुढची खोली गाण्याच्या क्लासला दिली.

त्र्याण्णवच्या गुरुपौर्णिमेला तिने बाईंना अमळनेरला बोलावलं. बाईंचा आवाज आता बोलण्यापुरताही धड राहिला नव्हता, पण त्या निघाल्या. गाडीत मला म्हणाल्या, "मास्तर, ती लहान पोरींना शिकवते. निदान त्यांना तरी मला सांगू द्या."

खोली भरलेली होती. परकर-पोलक्यातल्या, फ्रॉकातल्या वीस-पंचवीस मुली. प्रमिलाने कानाची पाळी पकडून बाईंचं नाव घेतलं आणि मुलींना खूण केली. मी पेटी धरली. मुली भूप गायला लागल्या. त्या रागात निषाद नसतोच. मला वाटलं, सुटलो. पण पोरी षड्जाच्या अलीकडे धैवतावर थबकल्या, वरच्या रिषभाला शिवल्या आणि घरंगळत खाली आल्या. पंचवीस कोवळे गळे, सगळे ठणठणीत, एकसाथ लंगडले. मागे बसलेल्या त्यांच्या आया 'वाऽ' म्हणाल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. ते मला ऐकू आलं, कारण मी शेजारी होतो.

"बाई, एकदा तुमच्या तोंडून होऊ द्या," प्रमिला हात जोडून म्हणाली. "मुलींनो, नीट ऐका. बाई म्हणतील तसंच म्हणायचं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं त्या काय करणार ते. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, कुठेही न थबकता, वरच्या षड्जावर सरळ झेप घेतली.

आवाज फाटला. कापड टरकावं तसा मध्येच टरकला आणि नुसती हवा बाहेर आली.

मग पंचवीस मुलींनी श्वास घेतला, आणि बाईंनी म्हटलं होतं अगदी तसंच, फाटलेलं, मागून म्हटलं.